पयल्या वाक्याचं याड

गेल्या आठ महिन्यांपासून आमच्या घरात एक चप्पल तरंगते आहे, आणि तिच्यापायी माझं दूध तीनदा उतू गेलं.

खरी चप्पल असती तर उचलून दारामागं टाकली असती. ही कागदावरची आहे. आमच्या ह्यांनी एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं टिपण्या लिहिल्या आणि निवृत्त झाले. माणसं निवृत्त झाली की वावरात जातात, भजनात बसतात, नाही तर आमच्या वाशीमच्या पाटणी चौकात उभी राहून मुख्यमंत्र्यांना सल्ले देतात. ह्यांनी जाहीर केलं, मी कादंबरी लिहिणार. म्हटलं लिहा बाप्पा, निदान डोळ्यांसमोर तरी राहाल. मला काय ठाऊक, कादंबरी म्हणजे नुसतं तिचं पहिलं वाक्य असतं म्हणून! आठ महिने झाले, वाक्य तेच: पद्मतीर्थाच्या पाण्यात त्या सकाळी एक चप्पल तरंगत होती. सोमवारी ती सकाळी तरंगते, मंगळवारी पहाटे. बुधवारी ती चप्पल नसते, वहाण असते. गुरुवारी उपास, म्हणून वाक्यालाही सुट्टी. शुक्रवारी ‘तरंगत’ खोडून ‘डोलत’ येतं आणि शनिवारी ‘डोलत’ खोडून पुन्हा ‘तरंगत’. रविवारी पाहुणे आले की त्यांना चहाआधी वाक्य मिळतं.

एकट्या ह्यांचं असतं तर झाकून ठेवलं असतं. घरातलं याड घरात. पण पुसद नाक्यापासून बाजारापर्यंत जिकडं पाहावं तिकडं हीच साथ पसरली आहे. शेजारच्या काकूंचा नातू पुस्तकाच्या दुकानात जातो, एकेक कादंबरी उघडतो, पहिली ओळ वाचतो आणि मिटून ठेवतो. दुकानदार वैतागून म्हणाला, “भाऊ, हे वाचनालय नाही.” तर हा शहाणा म्हणतो, “मी वाचत नाही, तपासतो.” बाजारात मेथीची जुडी तपासावी तसं! माझा भाचा परवा मला विचारतो, “मामी, तुमी पुस्तक इकत घेता तवा पयले काय पायता?” मी म्हटलं, किंमत. तो हसला. “पयलं वाक्य पाहा लागते, मामी. त्यातच सारं असते.” म्हटलं, मग बाकीची तीनशे पानं कायले छापतात रे?

आणखी ऐका. एका घरी लग्न निघालं. नवऱ्या मुलाला लग्नपत्रिकेतलं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ जुनाट वाटलं. वाचणारा पहिल्याच ओळीत गुंतला पाहिजे म्हणे. त्यानं मजकूर केला: ‘माझं लग्न ठरलं तेव्हा मी कांदे निवडत होतो.’ आजोबांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि विचारलं, “आपल्या घरात पोट्टे कांदे कधीपासून निवडाले लागले?” पत्रिका जुन्याच मजकुराची छापली. पण खरं सांगते, श्रीकृपेकरून झालेली शंभर लग्नं मी विसरले असेन, हे कांद्याचं विसरणार नाही.

इथंच तर फसगत आहे. याड लागतं ते उगीच लागत नाही.

ह्यांचा समज असा की हे सगळं सातासमुद्रापलीकडून आलं. तिकडच्या कहाण्या ते रोज जेवताना सांगतात, आणि त्याही धड पूर्ण नाही, सुरुवातीपुरत्याच. काफ्का नावाच्या लेखकाची १९१५ साली एक गोष्ट छापून आली. तिच्या पहिल्याच वाक्यात एक फिरता विक्रेता सकाळी जागा होतो आणि बघतो तर आपण किडा झालो आहोत. कारण नाही, शाप नाही, ऋषी नाही. पुढं कोलंबियाच्या गाब्रिएल गार्सिया मार्केझ या लेखकानं मुलाखतीत सांगितलं की विद्यार्थी असताना ते वाक्य वाचून तो पलंगावरून पडायचाच बाकी होता. असं लिहायला परवानगी असते हेच त्याला माहीत नव्हतं. हे ऐकल्यापासून आमचे हे नवीन पुस्तक उघडताना पलंगाच्या कडेला येऊन बसतात. अजून एकदाही पडलेले नाहीत. दोष पुस्तकाचा म्हणे.

दुसरी कहाणी मला त्याहून आवडली. बुल्वर-लिटन नावाच्या इंग्रज लेखकानं १८३० साली एक कादंबरी अंधाऱ्या वादळी रात्रीनं सुरू केली आणि त्याच वाक्यात पाऊस, वारा, लंडनचे रस्ते, छपरं, दिव्यांच्या ज्योती असं सगळं कोंबलं. वाढदिवसाला आलेल्या पोरांना एका रिक्षात कोंबावं तसं. त्या वाक्याची एवढी बदनामी झाली की १९८२ साली अमेरिकेतल्या सॅन होजे विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं त्याच्या नावानं स्पर्धा सुरू केली: न लिहिलेल्या कादंबरीचं सगळ्यात वाईट पहिलं वाक्य लिहा. बक्षीस वाईटाला! मी म्हटलं, पाठवा की चप्पल. दोन दिवस अबोला होता. गंमत बघा, लेखणी तलवारीपेक्षा बलवान असते हे जगभर पाठ झालेलं वाक्यही त्याच बुल्वर-लिटनचं, १८३९ सालच्या नाटकातलं. ते त्याचं आहे हे कोणाला आठवत नाही, रात्र मात्र सगळ्यांना आठवते. माणसाचं नाव कशानं राहील याचा नेम नाही.

पण मला खरी धडकी भरली ती काम्यूच्या ‘प्लेग’मुळं. १९४७ सालची कादंबरी. ओरान नावाच्या गावात प्लेगची साथ आलेली, माणसं पटापट मरताहेत, आणि नगरपालिकेतला एक कारकून रात्री घरी बसून कादंबरीचं पहिलं वाक्य लिहितो आहे. मे महिन्याची सकाळ, एक बाई, तिची घोडी, पॅरिसमधली फुललेली झाडं. घोडीला विशेषण कोणतं द्यावं यावर त्याच्या रात्रीच्या रात्री जातात. दप्तरात पानांचा गठ्ठा, आणि पानोपानी तेच एक वाक्य थोडं थोडं वेगळं. मी ते पान ह्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, तुमचा फोटो छापून आलाय. ह्यांनी वाचलं, बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “तो विशेषणांत अडकला. माझ्या वाक्यात विशेषणच नाही.” साथीतून बरा झाल्यावर तो कारकूनही हेच म्हणतो, सगळी विशेषणं काढून टाकली! कचेरीतली माणसं जगभर सारखीच.

आता माझं ऐका. हे परदेशातून आलेलं खूळ नव्हे. हे वाशीमचंच आहे, आणि जुनं आहे, आणि त्याच्या मुळाशी पळून केलेलं लग्न आहे.

डोळे मोठे करू नका. इसवी सन ९०० च्या आसपास राजशेखर नावाचा पंडित होऊन गेला, कनौजच्या दरबारातला. त्यानं ‘काव्यमीमांसा’ लिहिली आणि तीत हे प्रकरण नोंदवून ठेवलं. सरस्वतीला मुलगा झाला, काव्यपुरुष. आई एका सभेत निवाड्याला गेली, याला बरोबर नेलं नाही, म्हणून पोट्टा रुसून घरातून निघाला. त्याला बांधून ठेवायला गौरीनं एक मुलगी घडवली, साहित्यविद्या. तो पुढं, ही मागं. पूर्वेकडं गेली, पांचालात गेली, अवंतीत गेली, दक्षिणेत उतरली. प्रत्येक मुलखात तिचा पेहराव वेगळा, नाच वेगळा, आणि त्याची बोलण्याची तऱ्हा वेगळी. पूर्वेत त्याला तिचं काही फारसं वाटलं नाही, तेव्हा तो लांबलचक समासांत बोलत होता. मन जसजसं वळलं तसतसे समास गळत गेले. शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांनी गांधर्वविवाह केला. म्हणजे मुहूर्त नाही, बामण नाही, मांडव नाही, वऱ्हाड नाही. वऱ्हाडात असून वऱ्हाड नाही! आणि वत्सगुल्म म्हणजे कोण? आपलं वाशीम. कवितेनं आणि साहित्यानं पळून येऊन लग्न लावलं ते आपल्या गावात, आणि गावात त्याची एक पाटीसुद्धा कुठं माझ्या पाहण्यात नाही.

त्या लग्नातून निघालेली बोलण्याची तऱ्हा ती वैदर्भी. सोपी, मोकळी, समासांचं ओझं नसलेली. तिला प्राकृतात वत्सगुल्मावरूनच ‘वच्छोमी’ म्हणत. राजशेखरानं ‘कर्पूरमंजरी’ हे आख्खं नाटक प्राकृतात लिहिलं आणि त्याच्या अगदी पहिल्या श्लोकात या वच्छोमीचं नाव घेतलं. नाटकाच्या पहिल्या श्लोकात वाशीम! आणि आमचे हे पलंगाच्या कडेला बसून कोलंबियाकडं बघताहेत.

या वत्सगुल्मात वाकाटक घराण्याची एक शाखा राज्य करत होती. अजिंठ्याची बरीच लेणी ज्याच्या काळात कोरली गेली तो हरिषेण याच शाखेतला. शाखा सुरू केली सर्वसेनानं, आणि राजा असून त्यानं ‘हरिविजय’ नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. विषय काय घेतला? रुक्मिणीला पारिजातकाचं फूल मिळालं म्हणून सत्यभामा रुसली आणि कृष्णाला स्वर्गातून झाडच उपटून आणावं लागलं. राजानं युद्ध सोडून सवतींचं भांडण लिहिलं, तेव्हाच मला हा माणूस आपला वाटला. काव्य आज पूर्ण मिळत नाही. पुढच्या पंडितांनी आपापल्या ग्रंथांत उचलून ठेवलेल्या सुट्या गाथा तेवढ्या राहिल्या. आख्खं पुस्तक गेलं आणि सुटी वाक्यं उरली. आजच्या पोरांना हवं होतं ते काळानंच करून ठेवलं.

त्याच घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीममध्ये १९३९ साली सापडला. राज्याच्या सदतिसाव्या वर्षातला, नांदेडकडचं एक गाव दान दिल्याचा. त्यात वर राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि गाव कोणाला, काय सवलती, कोणी त्रास द्यायचा नाही, हा कामाचा मजकूर प्राकृतात. सुरुवातीला रुबाब, पुढं रोजची भाषा. आपल्याकडची निम्मी पुस्तकं अजून अशीच लिहिली जातात. पहिल्या वाक्यात कोट घालतात आणि दुसऱ्या पानावर बनियनवर येतात. वाकाटकांच्या बऱ्याच ताम्रपटांची सुरुवात तर एकाच शब्दानं होते: ‘दृष्टम्’. पाहिलं. म्हणजे मजकूर तपासला, खरा आहे. आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं फायलींच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून सही ठोकली, ती परंपरा दीड हजार वर्षांची निघाली. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे हे सगळे लेख संपादून १९६३ साली ग्रंथ काढला. त्याच १९६३ मध्ये नेमाड्यांची ‘कोसला’ आली. हा योगायोग मला उगीचच आवडतो. ‘कोसला’कडं मी परत येणार आहे.

आता जिल्ह्यातलंच कारंजा. इथं मी पदर नीट करून बसते. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव हे. गुरुचरित्रात कथा आहे की मुलगा मुंजीपर्यंत ॐकाराशिवाय काही बोललाच नाही. आईनं किती नवस केले, लोकांनी मुका ठरवला. मुंज लागली, आई भिक्षा घालायला आली, आणि पहिल्या भिक्षेला त्यानं ऋग्वेदाची सुरुवात म्हटली, दुसरीला यजुर्वेदाची, तिसरीला सामवेदाची. इतकी वर्षं गप्प राहून तोंड उघडलं ते तीन वेदांच्या पहिल्या ओळींनी! लहानपणापासून ही कथा ऐकली, पण तो मुलगा सुरुवातीच म्हणतो हे माझ्या ध्यानात या याडामुळं आलं. आणि त्याच्या आधीचं मौन केवढं लांब होतं, तेही.

कारंज्याच्या जैन मंदिरांत हस्तलिखितांची भांडारं आहेत. प्राध्यापक हीरालाल जैन आणि त्यांच्या काळच्या अभ्यासकांनी तिथल्या अपभ्रंश पोथ्या उजेडात आणल्या. पुष्पदंत कवीचं ‘जसहरचरिउ’ १९३१ साली, ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली कारंज्याहून छापून आलं. पोथीला मुखपृष्ठ नसतं बरं का. लेखकाचं, ग्रंथाचं नाव बहुतेक शेवटी, पुष्पिकेत. म्हणून पोथ्यांची सूची करणारे ‘आदि’ आणि ‘अंत’ उतरवून घेतात. पहिली ओळ म्हणजे पोथीचं आधार कार्ड. मधली पानं उंदरांनी खाल्ली तरी ओळख पटते. ईशोपनिषदाचं नाव त्याच्या पहिल्या शब्दावरून पडलं, भक्तामर स्तोत्राचंही तसंच. गाथेत अभंग शोधायचा तर आपण पहिल्या ओळीच्या सूचीतच बोट फिरवतो. तेव्हा काकूंचा नातू दुकानात जे करतो ते कारंज्याच्या भांडारात पंडितांनी केलं. फरक एवढाच की पंडित नंतर पोथी वाचायला बसले.

श्रावणातल्या कहाणीचं काय? हातात अक्षता घेऊन बसलं की आजी सुरू करायची, आटपाट नगर होतं. दरवेळी तेच. कुठल्याही कार्यशाळेत हे वाक्य नापास होईल: नवीन काही नाही, धक्का नाही, चप्पल नाही. पण ते कानावर पडलं की खेळणारी पोरं आपोआप गुडघे मुडपून बसत. गावाची वेस ओलांडल्यासारखं वाटे. पहिलं वाक्य दरवेळी पलंगावरून पाडणारंच हवं असं कुठं आहे? काही वाक्यं दार उघडतात, आत या म्हणतात, पाट मांडतात. जुन्या काळच्या दंडी पंडितानं महाकाव्याची सुरुवात तीन तऱ्हांची सांगितली: आशीर्वाद, नमस्कार, किंवा थेट विषयाचा उल्लेख. आमची चप्पल तिसऱ्या प्रकारातली. हे ऐकून ह्यांची छाती दोन इंच फुगली.

आता तुम्ही म्हणाल, बाई नावं ठेवते ठेवते आणि स्वतःच रंगात येते. आले. आठ महिने एका छपराखाली राहिल्यावर माणूस काही तरी शिकतंच. मी काय शिकले ते सांगते.

एके दिवशी वाक्य होतं: पद्मतीर्थाच्या पाण्यात त्या सकाळी एकच चप्पल तरंगत होती. ‘एक’ला नुसता ‘च’ लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “दुसरी कुठाय?” ह्यांनी खुर्चीवरून उडी मारली. “हेच! हेच पाहिजे होतं!” नुसती एक चप्पल म्हणजे कचरा. एकच चप्पल म्हणजे कोणी तरी अनवाणी आहे, नाही तर बुडालेलं आहे, नाही तर एका पायात चप्पल घालून पळतं आहे. एका ‘च’नं तळ्यात माणूस उतरवला. मराठी वाक्याची तऱ्हाच अशी की क्रियापद शेवटी येतं, म्हणून ‘होता-होती’वर वाक्य जाऊन बसलं की थकल्यासारखं वाटतं. ह्यांनी मग फिरवून पाहिलं: त्या सकाळी पद्मतीर्थावर चप्पल होती एकच. हे मला नको वाटलं. हे वाक्य आरशासमोर उभं राहून आलं आहे.

मग पावसाचा वाद झाला. एल्मोर लेनर्ड नावाच्या अमेरिकन लेखकानं २००१ साली लेखनाचे दहा नियम सांगितले. पहिलाच नियम, पुस्तक हवामानानं सुरू करू नका. भाच्यानं हे ऐकवल्याबरोबर ह्यांनी वाक्यात मध्यंतरी आणलेला पाऊस काढून टाकला. मी अडले. तिकडं पाऊस आला तर छत्री उघडतात. इथं मृग कोरडा गेला तर दुबार पेरणी होते, सोयाबीनचं बियाणं पुन्हा उधारीवर आणावं लागतं आणि दिवाळीला मुलीला माहेरी आणायचं की नाही तेही त्यावर ठरतं. आमच्याकडं ‘पाणी नाही आलं’ एवढं म्हटलं की अर्धी कादंबरी सांगून झाली. लेनर्डला एक पावसाळा मानोऱ्यात काढायला लावला असता तर नियम नऊच राहिले असते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मला रद्दीत सापडली. दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा ह्यांच्या टेबलाखालून पहिल्या दिवशीचा कागद निघाला. त्यावर लिहिलं होतं: ‘पद्मतीर्थ तलावात सकाळी पाहणी केली असता एक नग पादत्राण तरंगत असल्याचे निदर्शनास आले.’ मी इतकी हसले की शेजारच्या काकू धावत आल्या. त्याही हसल्या. ह्यांनी कागद हिसकावला, म्हणाले, “तेव्हा कचेरीची सवय गेली नव्हती.”

मी तो कागद परत काढून डब्यात ठेवला आहे. कारण हसू ओसरल्यावर मला दिसलं की एवढ्या एका वाक्यात माणूस बसलेला आहे. जन्मभर टिपण्या लिहिलेला, भीतीलासुद्धा ‘निदर्शनास आले’ म्हणणारा, बुडालेल्या माणसाच्या चपलेचे नग मोजणारा. ‘कोसला’ची सुरुवात आठवा. पांडुरंग सांगवीकर आपलं नाव सांगतो, वय सांगतो आणि वय सांगताना मध्येच एक ‘उदाहरणार्थ’ ठोकून देतो. वयात कसलं आलंय उदाहरण? पण त्या एका बिनकामाच्या शब्दानं पोरगा पुरता कळतो. तिथं चप्पलही नाही आणि किडाही नाही, बोलणारा माणूस आहे. ह्यांनी आठ महिने घासून घासून वाक्य इतकं स्वच्छ केलं की त्यातून स्वतःलाच पुसून टाकलं. आता ते कोणाचंही वाक्य आहे. पहिल्या दिवशीचं होतं ते ह्यांचं होतं. ‘दृष्टम्’च्या गावातलं.

हे मी बोलून दाखवलं नाही असं नाही. ह्यांना मान्य नाही.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडाली ती सांगते आणि उठते, नळाची वेळ झाली. ओळखीच्या एक मास्तरीणबाई आहेत. त्यांनाही याड लागलं. त्यांनी आठवीच्या पोरांना अभ्यास दिला, गोष्टीचं फक्त पहिलं वाक्य लिहून आणा. पालक खूश, वह्या वाचल्या. बहुतेकांनी भूत, विमान, मोबाइल असलं लिहिलं. एका पोरानं लिहिलं: ‘बापानं बैल विकला त्या दिवशी मी नवीन बूट घातले.’ बाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी ओट्यावर नुसत्या बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला सांगितलं, फार छान, आता पुढचं लिही. तो म्हणाला, “पुढचं सांगाचं नाही, मॅडम.”

त्या पोराला मी माफ करते. बाकी कोणाला नाही. कारण सध्या गावात पहिल्या वाक्यांचं पीक उदंड आहे आणि दुसऱ्याचा पेरा कोणी केलेलाच नाही. भाच्याकडं सतरा पहिली वाक्यं आहेत. काकूंच्या नातवाकडं वहीभर आहेत, त्यातली निम्मी दुसऱ्यांची. पहिलं वाक्य म्हणजे किराण्याच्या वहीतली उधारी आहे. घेताना सगळे हसत घेतात. ती फेडायची असते पुढच्या पानांनी, रोज थोडी थोडी, आणि तिथं कोणी फिरकत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे यांनी ‘राघववेळ’ आख्खी लिहिली, शेवटच्या पानापर्यंत. १९९५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री. नुसत्या पहिल्या वाक्याला अकादमी पुरस्कार देते असं माझ्या ऐकिवात नाही. हे मी भिंतीवर लिहून लावणार होते, ह्यांनी खिळा ठोकू दिला नाही.

तर मंडळी, पद्मतीर्थाच्या पाण्यात सापडलेली एकच चप्पल आमच्याकडं सुखरूप आहे. दुसरी कोणाच्या निदर्शनास आली तर कृपा करून आणून द्या. सकाळी नळ येतो तेवढा अर्धा तास सोडून केव्हाही या, चहा मिळेल. पहिलं वाक्य घेऊन येणाऱ्यांनी मात्र चहा घरूनच घेऊन यावं.